दिएगोचा बाक

ओनेझिम लंडनहून पोर्ट लुईला परतला तेव्हा गल्लीच्या तोंडाशी वीसपंचवीस माणसं जमली होती आणि रस्त्याच्या कडेला पाचोळा पेटवून कुणीतरी रावान शेकत होतं. रावान म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचा मोठा डफ. शेकल्याशिवाय त्याचा आवाज उघडत नाही. टॅक्सीतून उतरताना ओनेझिम मनात म्हणाला, देवा, एवढं तरी नको रे. पण लोकांनी त्याला खांद्याला धरून ओढलं, हातात बिअरची बाटली दिली आणि डफ वाजू लागला.

"आला बघा आपला वकील," एकजण म्हणाला. "इंग्रजाच्या घशातून बेटं काढून आणली."

"घशातून कुठली, नुसती ओठापर्यंत आलीत," दुसरा म्हणाला. "सह्या व्हायच्यात अजून."

बातमी रेडिओवरून आधीच येऊन पोचली होती. हिंदी महासागरातली चागोसची बेटं, जिथून या लोकांना पन्नास वर्षांपूर्वी उठवून मॉरिशसला आणून टाकलं होतं, ती इंग्रज मॉरिशसला परत देणार. पेरोस आणि सालोमों या बेटांवर तिथल्या लोकांना जाऊन राहता येईल. दिएगोवर मात्र नाही. दिएगोवर अमेरिकेचा लष्करी तळ आहे. तो राहणार, त्याची विमानं राहणार, सैनिकांची आइसक्रीमची दुकानं राहणार. जे तिथे जन्मले ते तेवढे राहणार नाहीत. म्हणून गल्लीत पेरोसचे आणि सालोमोंचे लोक नाचत होते, आणि दिएगोचे लोक आपापल्या दारात उभे राहून पाहत होते. कुणी टाळी वाजवत नव्हतं, पण कुणी दारही लावून घेतलं नव्हतं. आपल्या शेजाऱ्याच्या आनंदावर दार लावणारी ती माणसं नव्हेत.

ओनेझिम बंदरावरच्या गोदामात मुकादम होता. वय पन्नाशीच्या पुढचं, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी इंग्लंडात, क्रॉलीला, विमानतळावर साफसफाईच्या कामाला. माणूस मितभाषी म्हणून प्रसिद्ध. लोक म्हणत, ओनेझिमकडून एक शब्द काढायचा तर नारळ सोलण्याइतके कष्ट पडतात. म्हणूनच तर त्याला लंडनला पाठवलं होतं. आता याला नशीब म्हणायचं की थट्टा, ज्याचं त्याने ठरवावं.

बाटली अर्धीच ठेवून तो घरात गेला, बूट न काढता पलंगावर बसला आणि बाहेरचा डफ थांबायची वाट पाहत राहिला.

चर्चच्या मागे पत्र्याचा एक हॉल आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रार्थना आटोपली की चागोसचे लोक तिथे जमतात. हॉलमध्ये तीन लांब बाक आहेत: एक दिएगोचा, एक पेरोसचा, एक सालोमोंचा. नंतर जन्मलेली पोरं मागे उभी राहतात किंवा आईवडिलांच्या बेटाच्या बाकावर दाटीवाटीने बसतात. हॉलचा एकच नियम आहे आणि तो कुठे लिहिलेला नाही. ज्याच्या बेटाचं त्यानेच बोलायचं. पेरोसच्या माणसाने पेरोसवर तासभर बडबड करावी, कुणी अडवणार नाही. पण दिएगोचं नाव काढून "आपलं काय, आपण तयार आहोत" असं तो बोलला, तर आजवर त्याला तिथल्या तिथे खाली बसवलेलं आहे.

नियमाला कारण होतं. तळासाठी बेटं रिकामी करायची वेळ आली तेव्हा खोबऱ्याच्या कंपनीच्या साहेबासमोर सालोमोंचा एक मुकादम उभा राहिला आणि त्याने सांगून टाकलं की पेरोसचे लोक जायला राजी आहेत. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. जहाज आलं, लोकांना चढवलं, कोंबड्या, भांडी, कुत्री सगळं मागे राहिलं. त्या मुकादमाचं नाव चागोसच्या कुठल्याही घरात पुन्हा कुणी पोराला ठेवलं नाही.

दिएगोच्या बाकावर पहिल्या जागी बसायची एलोईज. ओनेझिम तिला नेनेन म्हणायचा, म्हणजे धर्माची आई, बाप्तिस्म्याच्या वेळी मूल जिच्या हातात देतात ती. दिएगोच्या लोकांना आधी पेरोसवर आणून टाकलं होतं, त्या गर्दीत तरुण एलोईज होती. तिचं तान्हं पोर नुकतंच गेलं होतं आणि दिएगोच्या दफनभूमीत नारळाच्या झाडाखाली एकटंच राहिलं होतं. ती कुणाशी बोलत नव्हती, जेवत नव्हती. त्याच सुमारास पेरोसवर ओनेझिम जन्मला. पाद्री वर्षातून एकदा जहाजाने यायचा, तो आला तेव्हा ओनेझिमच्या आईने आपलं मूल उचलून एलोईजच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "धर हे. तू याची नेनेन." नंतर पोर्ट लुईच्या धक्क्यावर सगळ्यांना उतरवलं, आणि पुढल्याच पावसाळ्यात ओनेझिमची आई तापाने गेली. मग एलोईजने धरलेलं मूल खाली ठेवलंच नाही. दुसऱ्यांचे कपडे धुऊन, धक्क्यावर भाजलेले शेंगदाणे विकून तिने त्याला वाढवलं.

लंडनला सरकारी मंडळाबरोबर प्रत्येक बेटाचं एक माणूस जायचं ठरलं होतं. पेरोसचा ओनेझिम, सालोमोंचा मार्सेल आणि दिएगोची एलोईज. पण डॉक्टरने तिची छाती तपासली आणि विमानाला साफ नकार दिला. तिच्या जागी दुसरं कुणी पाठवायचं का, असा विषय निघाला. तिने तो उडवून लावला.

"माझी खुर्ची रिकामीच राहू दे," ती म्हणाली. आणि घरी ओनेझिमला समोर बसवून सांगितलं, "दिएगोचं काही विचारलं, तर म्हणायचं, दिएगोचं माणूस इथे नाही. त्यापुढे एक अक्षर बोलायचं नाही. हो पण नाही, नाही पण नाही. मग त्यांना इथे यावं लागेल. माझ्या दारात. येऊ देत, मी चहा टाकीन आणि सांगीन काय सांगायचं ते."

"बरं," ओनेझिम म्हणाला.

"बरं नको. म्हणून दाखव."

"दिएगोचं माणूस इथे नाही."

"असं," ती म्हणाली आणि त्याच्या शर्टाच्या कॉलरचं बटण लावून दिलं.

लंडनमध्ये बोलणी आतल्या खोलीत चालायची आणि हे दोघं बाहेरच्या खोलीत बसायचे. खोली चांगली होती. जाड गालिचा होता, चहा होता, बिस्किटं होती. दर थोड्या वेळाने कुणी येऊन सगळं ठीक आहे ना म्हणून विचारायचं. आतल्या खोलीत त्यांना जागा नव्हती, कारण बोलणी दोन देशांची होती आणि हे लोक कुठल्याच बाजूचा देश नव्हते. मार्सेलला या गोष्टीचं काही वाटत नव्हतं. तो बिस्किटं खिशात भरायचा आणि सिगरेट ओढायला खाली जायचा.

तिसऱ्या प्रहरी मार्सेल असाच खाली गेलेला असताना आतलं दार उघडून नारायेन बाहेर आला. नारायेन मॉरिशसच्या परराष्ट्र खात्यातला बऱ्यापैकी मोठा अधिकारी. त्याचे पणजोबा रत्नागिरीकडून ऊस तोडायला आले होते, हे तो स्वतःच हसून सांगायचा. माणूस सभ्य होता. त्याने खुर्ची ओढली आणि ओनेझिमच्या अगदी समोर बसला. डोळे तांबारले होते.

"मिस्ये ओनेझिम, दिएगोवर येऊन अडलंय," तो हळू म्हणाला. "तळ ते सोडणार नाहीत. तिथे वस्ती पण नको म्हणतायत. आम्ही जास्त ताणलं तर पेरोस आणि सालोमों पण हातचे जातील. तुमच्या लोकांची याला तयारी आहे असं मी समजू का?"

एलोईजचं वाक्य ओनेझिमच्या तोंडात तयार होतं. विमानात त्याने ते किती वेळा घोळवलं होतं. पण समोर सुटातला एक थकलेला मोठा माणूस पुढे वाकून बसला होता आणि उत्तराची वाट पाहत होता. ओनेझिमला आयुष्यात कुणी असं विचारलं नव्हतं. साहेब लोक त्याला हुकूम सोडायचे, फॉर्म भरायला सांगायचे, रांगेत मागे जा म्हणायचे. आणि पेरोस डोळ्यांसमोर होतं. ते त्याने पाहिल्याचं त्याला आठवतही नव्हतं, पण आईचं घर, चर्चची पांढरी भिंत, खाडीचं हिरवं पाणी हे इतक्या वेळा ऐकलं होतं की आपण कालच तिथून निघालो असं त्याला वाटायचं. हातचे जातील, असं नारायेन म्हणाला होता. ओनेझिम घाबरला. आणि खरं सांगायचं तर थोडा सुखावलाही, आपल्या शब्दाला वजन आहे या कल्पनेने.

"आहे, साहेब," तो म्हणाला. "तसंच समजा."

नारायेनने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, उठला आणि आत गेला. दार लागलं. मार्सेल वर आला, म्हणाला, बाहेर मरणाची थंडी आहे. ओनेझिमने त्याला काहीच सांगितलं नाही.

संध्याकाळी जिन्यात नारायेन पुन्हा भेटला आणि दोन्ही हातांनी त्याचा हात धरून म्हणाला, "तुमच्या शब्दाने आमचं काम फार सोपं झालं." हे त्याने आभार म्हणूनच म्हटलं होतं. ओनेझिमने मात्र हात सोडवून घेतला आणि उरलेला जिना तो भराभर उतरला.

परतीच्या वाटेवर तो स्वतःची समजूत घालत राहिला. आपण नाही म्हटलं असतं तरी हेच झालं असतं. इंग्रज काय ओनेझिमला विचारून राज्य करतात? अमेरिका काय त्याच्यासाठी विमानं हलवणार? हे सगळं बहुतेक खरंच होतं. पण हाही विचार त्याला सोडत नव्हता की आपण गप्प राहिलो असतो, तर नारायेनला आत जाऊन सांगावं लागलं असतं की दिएगोचं माणूस इथे नाही, थांबा. कदाचित कुणी थांबलं नसतं. कदाचित एखादा दिवस थांबले असते. तो एक दिवस दिएगोचा होता आणि ओनेझिमने तो देऊन टाकला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी एलोईजने त्याला जेवायला बोलावलं. तिने ऑक्टोपस आणला होता, तो मऊ होईपर्यंत उकडून नारळाच्या दुधात शिजवला होता. बेटांवरची माणसं याला सेराझ म्हणतात आणि हा पदार्थ नीट करता न येणाऱ्या सुनेला अजून नावं ठेवतात. सोबत भात आणि मिरचीचा ठेचा. तिला दम लागत होता. ती मधूनमधून खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहायची.

"बस गं तू," ओनेझिम म्हणाला. "मी वाढून घेतो."

"तुला पाचवीला पुजलेलं आहे अर्धं ताट वाढून घेणं. गप बस." तिने त्याच्या ताटात रस्सा ओतला. "रेडिओवर ऐकलं मी. दिएगो नाही म्हणे."

"हं."

"थंडी होती का रे तिकडे?"

"होती."

"एमिली भेटली? खाते पिते का नीट?" एमिली म्हणजे त्याची मुलगी.

"बारीक झालीये."

"होणारच. बटाट्यावर जगतात ते लोक." ती समोर बसली. थोडा वेळ त्याला जेवताना पाहत राहिली. मग तिने विचारलं, "दिएगोचं विचारलं का त्यांनी?"

घास त्याच्या तोंडात होता. तो त्याने चावला, पुन्हा चावला. सांगायचं तर आत्ता, हे त्याला कळत होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिचे पाय सुजलेले होते आणि ओठांना निळसर झाक आली होती.

"नाही," तो म्हणाला. "नाही विचारलं."

"वाटलंच मला." ती मागे टेकली. आणि ओनेझिमला नवल वाटलं, तिचा चेहरा सैल पडला, जवळजवळ बरं वाटल्यासारखा. "विचारणारच नाहीत. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं. म्हणजे चोरलंच की नाही? पहिल्यांदा चोरलं, आता परत चोरलं. चोरू देत. आपण दिलं तर नाही ना. चोरलेली वस्तू माझीच राहते, ओनेझिम. माझ्या पोराला मी कुणाच्या हवाली केलेलं नाही."

"रस्सा छान झालाय," ओनेझिम म्हणाला. याहून नादान वाक्य त्याला त्या क्षणी सुचलं नाही.

"मग घे की अजून," ती म्हणाली.

त्याने घेतला. ताट पुसून खाल्लं, कारण ती पाहत होती.

रविवारी हॉल खच्चून भरला. पेरोस आणि सालोमोंच्या बाकांवर बायकांनी नव्या टोप्या घातल्या होत्या. दिएगोच्या बाकावर कुणी बोलत नव्हतं. एलोईज पहिल्या जागी बसली होती, काठी गुडघ्यांमध्ये धरून. बोलायला सगळ्यांत आधी उठली जिनेत. ती दिएगोची, बाजारात मासळी विकायची, आणि तिच्या तोंडाला लागायची हिंमत पोलीससुद्धा करत नसत.

"मंत्रीसाहेब काल रेडिओवर काय म्हणाले ऐकलं ना?" तिने विचारलं. "चागोसच्या लोकांच्या संमतीने. संमतीने म्हणे. मला एवढंच कळू दे, कुणी दिली? लंडनला दोघं गेले होते."

हॉलमधल्या माना वळल्या, पण ओनेझिमकडे नाही. त्या मार्सेलकडे वळल्या. आल्यापासून मार्सेलने गल्लीभर सांगितलं होतं की मी मोठमोठ्या साहेबांबरोबर चहा प्यायलो, एका इंग्रजाने माझी सिगरेट पेटवून दिली. आता ते सगळं त्याच्या अंगाशी आलं.

"माझ्याकडे काय बघता?" मार्सेल उठला. "मला कुणी काही विचारलंच नाही."

"तुला विचारायला कशाला लागतं?" जिनेत म्हणाली. "तुझ्या तोंडाचा नळ उघडाच असतो. सांग खरं, चहा पिताना काय काय पाझरलं?"

काही लोक हसले. मार्सेल लालबुंद झाला. "आईशप्पथ सांगतो—"

"सालोमोंच्या माणसाची शपथ," जिनेत म्हणाली. "आधी पण एका सालोमोंवाल्यानेच आमच्यासारख्यांना विकलं होतं."

हे बोलायला नको होतं. सालोमोंचा अख्खा बाक उठून उभा राहिला. मार्सेलच्या बायकोने तोंडाला रुमाल लावला. मार्सेल मात्र खाली बसला आणि त्याने दोन्ही हात मांड्यांवर ठेवले. तो बढाईखोर होता, हलकट नव्हता, आणि आज त्याचं नाव त्या मुकादमाच्या नावाशी जोडलं गेलं होतं. ओनेझिम तीन हात अंतरावर बसून हे पाहत होता. ऊठ, तो स्वतःला म्हणाला. आता तरी ऊठ. पण तो बसून राहिला. लाज वाटत असतानाच एका कोपऱ्यात त्याला हायसं वाटत होतं, की माना त्याच्याकडे वळलेल्या नाहीत, आणि त्या हायसं वाटण्याची लाज सगळ्यांत जास्त होती.

एलोईजने काठी जमिनीवर आपटली.

"जिनेत, बस खाली. तुझ्या बापाने असं भांडायला शिकवलं नव्हतं तुला. सालोमोंने पण बसावं." ती उठली. उठायला वेळ लागला, आणि तेवढ्यात हॉल शांत झाला. "मार्सेलने काही केलेलं नाही. मला माहीत आहे, कारण माझा मुलगा तिथे होता. ओनेझिमने मला सांगितलंय, दिएगोचं त्यांनी विचारलंच नाही. मंत्री खोटं बोलतोय. मंत्र्यांचं कामच ते. दिएगोने काही दिलेलं नाही, म्हणजे दिएगो आपलंच आहे, आज ना उद्या. ज्यांना थांबता येतं त्यांनी थांबावं."

तिने श्वास घेतला. कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला, तो तिने हाताने बाजूला सारला.

"मला थांबता येणार नाही. डॉक्टर तोंडाने बोलत नाही पण मला त्याचा चेहरा वाचता येतो. आणि मला इथे, या शहराच्या दफनभूमीत, कोण कुठल्या परक्या माणसांच्या रांगेत झोपायचं नाही. हे मी सगळ्यांना सांगून थकले आहे." ती चालत चालत पेरोसच्या बाकासमोर आली. बाकावरच्या बायका नकळत उठून उभ्या राहिल्या. दुसऱ्या बेटाकडे काही मागायचं, तर असं समोर येऊन मागायचं असतं. "पेरोसने मला एकदा ठेवून घेतलं होतं. दोन वर्षं तुमचं अन्न खाल्लं. आता पुन्हा मागते आहे. पहिली बोट निघेल तेव्हा मी जिवंत असले तर जिवंत न्या, नसले तर पेटीत न्या. तुमच्या मातीत मला जागा द्या. तिथून दिएगो रात्रभराच्या बोटीवर आहे. माझ्या पोरापासून तेवढं लांब चालेल मला. माती टाकायला माझा मुलगा पेरोसचाच आहे. उत्तर द्या."

उत्तर ओनेझिमने द्यायचं होतं. पेरोसच्या बाकावर पहिल्या जागी तो बसत असे. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि कित्येकांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला एवढंच म्हणायचं होतं, जागा आहे, नेनेन. म्हणजे संपलं असतं. जिनेत रडली असती, मार्सेल सुटला असता, डफ वाजला असता.

तो उठला. "जागा..." तो म्हणाला आणि थांबला.

"बोल रे," एलोईज हसून म्हणाली. "लंडनला पण असाच गप्प बसलास ना, म्हणून तर पाठवलं तुला. पण आता बोल."

"मी गप्प नाही बसलो," ओनेझिम म्हणाला.

कुणाला पहिल्यांदा कळलंच नाही. तिचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं.

"त्यांनी विचारलं होतं, नेनेन. दिएगोचं. मला विचारलं. मार्सेल खाली होता, मार्सेलला काही माहीत नाही. नारायेन साहेबाने विचारलं, तुमच्या लोकांची तयारी आहे का. मी म्हटलं, आहे. मी तुला खोटं सांगितलं."

मागे कुठेतरी एक तान्हं मूल कुरकुरलं आणि त्याच्या आईने त्याला छातीशी धरलं.

"किती वेळा विचारलं?" एलोईजने विचारलं.

"काय?"

"किती वेळा विचारलं त्याने? दटावलं? आमिष दाखवलं?"

"नाही," ओनेझिम म्हणाला. "एकदाच विचारलं. नीट विचारलं."

"एकदाच," ती म्हणाली.

तिने काठी उचलून दुसऱ्या हातात घेतली. ओनेझिमला वाटलं ती आता त्याला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. लहानपणी ती मारायची आणि मग लगेच केसांना तेल लावायची.

"तर मग मला ही जागा घेता येणार नाही," ती शेवटी म्हणाली.

"नेनेन, जागा आहे. पेरोसचं उत्तर आहे, जागा—"

"ऐक. मी म्हणत होते चोरलंय. चोरी झालेल्या माणसाने शेजाऱ्याकडे आसरा मागितला तर त्यात काही नाही. पण आता कागदावर आहे की दिएगो राजी आहे. आणि दिएगोच्या बाकावरची पहिली म्हातारी पेरोसला जाऊन पडली, तर लोक काय म्हणतील? म्हणतील, खरंच की, राजी होती. तुझ्या शब्दाला माझी हाडं साक्षीला जातील." तिचा आवाज चढला नव्हता. ती त्याला समजावून सांगत होती, लहानपणी हिशेब चुकला की सांगायची तशी. "ते मी नाही होऊ देणार. इथेच पुरा मला. परक्यांच्या रांगेत. म्हणजे कुणी विचारलं, ही इथे का, तर सांगता येईल, हिला हिच्या घरी जाऊ दिलं नाही म्हणून."

"मी जाऊन सांगतो त्यांना," ओनेझिम म्हणाला. "नारायेन साहेबाला सांगतो. माझा अधिकार नव्हता असं सांगतो."

"सांग. सांगायलाच पाहिजे. जिनेत तुझ्याबरोबर येईल." ती सगळ्यांकडे वळली. "मी पेरोसकडे जे मागितलं ते मागे घेते. ऐकलं सगळ्यांनी? दिएगोने आजपर्यंत कुणाला काही सांगितलेलं नाही."

ओनेझिम तिला धरायला पुढे झाला, कारण तिचा तोल जात होता. पण त्याच्या आधी मार्सेल पोचला. तिने मार्सेलच्या दंडाला धरलं आणि सावकाश आपल्या बाकाकडे गेली. जिनेतने तिला बसवून घेतलं, टोपी सरळ केली. मग एलोईजने मान वर केली. ओनेझिम तिथेच मधोमध उभा होता. खरं बोलायला त्याला आठवडा लागला होता, आणि बोलला तेव्हा तिच्या हातात उरलेली एवढीशी मातीसुद्धा त्याने काढून घेतली होती.

"बस, ओनेझिम," ती म्हणाली. "उभा नको राहूस. आपल्या बाकावर जाऊन बस."

तो गेला. पेरोसच्या लोकांनी सरकून त्याला जागा दिली, लागते त्यापेक्षा बरीच जास्त.